समजा, ह्याला काही येत नाही

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दोन ब्रेक आहेत. एक चालवणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा डावीकडं बसून शिकवणाऱ्याच्या पायाखाली. लग्न होऊन नांदेडला आले तेव्हा मला ह्या दुसऱ्या ब्रेकचं हसू यायचं. एखादीला चालव म्हणायचं आणि आपण मात्र पाय तयार ठेवायचा, हा कसला विश्वास, असं मी ह्यांना म्हटलंही होतं. हे म्हणाले, “विश्वास देवावर ठेवावा. पाय ब्रेकवर ठेवावा.”

हे म्हणजे माझे मालक. गावातल्या कितीतरी मास्तरणी, नर्सबाया, बँकेतल्या बाया ह्यांच्या हाताखाली गाडी शिकल्या. बाजारात भाजी घेताना कुणीतरी थांबायचं, “सर कसे आहेत?” विचारायचं आणि माझ्याआधी भाजीवाल्याला सांगायचं, की सरांनी मला एका शब्दानं न बोलता गाडी शिकवली. त्यात अतिशयोक्ती नव्हती. हे गाडीत खरोखरच बोलत नसत.

त्याला कारण घडलं होतं. शिकायला येणाऱ्या बाईबरोबर मागच्या सीटवर तिची सासू नाहीतर नणंद बसलेली असायची. परक्या पुरुषाबरोबर एकटीला गाडीत कोण पाठवणार? ह्यांनी पुढून “ब्रेक” म्हटलं, की मागून सासू ओरडायची, “ब्रेक, अगं ब्रेक दाब की, काय करून राहिलीस!” आणि सूनबाई गोंधळून रेस दाबायची. अशीच एकदा गाडी रसवंतीच्या बाकड्यांत शिरली. दुसरा ब्रेक होता म्हणून रसवंतीवाला वाचला, बाकडं तेवढं गेलं. त्या दिवसापासून ह्यांनी गाडीत तोंड बंद केलं. उजव्या हातातली अंगठी डॅशबोर्डवर वाजवायची. एकदा टक, म्हणजे पुढचा गिअर, पुढं जा. दोनदा टक टक, म्हणजे ब्रेक, थांब. सासूला काही कळायचं नाही आणि सून नीट चालवायची.

मीही तशीच शिकले. गाडी मला चांगली येते, हे मी स्वतःच सांगते, कारण सांगणारं दुसरं माणूस आता सांगू शकत नाही. पण गाडी मला शब्दांत कधी आलीच नाही. कानानं आली.

मग एका सकाळी कप फुटल्याचा आवाज झाला. मी स्वयंपाकघरातून आले, तर हे खाली पडलेल्या चहाकडं बघत होते आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. बोलण्यातला एकच शब्द मागं राहिला. हाव. जेवता का? हाव. दुखतंय का? हाव. मी कोण आहे? हाव. डॉक्टर म्हणाले, आत किती समजतंय ते आज सांगता येणार नाही, दिवस जाऊ द्या.

उजवा हात सुजला तेव्हा सिस्टरनं साबण लावून अंगठी काढली. ती मी ह्यांच्या डाव्या हातात घातली. दुसऱ्या दिवशी ह्यांना चाकाच्या खुर्चीतून तपासायला नेत होते. दाराशी उंबरा होता, आणि खुर्चीच्या लोखंडी दांड्यावर अंगठी वाजली. टक टक. मी खुर्ची जागीच धरली. वॉर्डातल्या बायकांसमोर मला रडू फुटलं. शब्द गेले होते, पण आमची भाषा शिल्लक होती. निदान मला तसं वाटलं.

ड्रायव्हिंग स्कूलला परवाना लागतो आणि परवान्याला शिकवणारं माणूस लागतं. आमच्याकडं ते एकच होतं आणि ते कॉटवर पडलं होतं. परवान्याची मुदत पुढच्या वर्षी संपत होती. तोवर नवा शिक्षक दाखवला नाही तर स्कूल बंद. दीर म्हणाले, “वहिनी, गाडी विकून टाका अन् पिठाची गिरणी टाका. बसल्या जागी पोट भरंल.” ते माझ्या भल्याचंच सांगत होते, तरी माझं डोकं फिरलं. ह्या माणसानं आयुष्यभर एक गोष्ट उभी केली, आणि तो जिवंत असताना मी तिच्या जागी जोंधळे दळत बसू? मी म्हटलं, शिक्षक मी होणार.

म्हणणं सोपं होतं. आरटीओ कार्यालयात विचारायला गेले तेव्हा कळलं, की गाडी येणं ही त्यातली सगळ्यात लहान गोष्ट आहे. दहावी पाहिजे. ती जळकोटात, माहेरी असताना झाली होती. जुनं लायसन पाहिजे. तेही होतं. आणि मोटार मेकॅनिकचं सरकारी प्रमाणपत्र पाहिजे. हे ऐकल्यावर मी तिथल्या बाकड्यावर बसले. ज्या बाईनं घरातला नळसुद्धा कधी उघडून पाहिला नाही, तिनं आता इंजिन उघडायचं होतं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

नांदेडात जागा भरल्या होत्या. लातूरला एका संस्थेत वर्षाच्या कोर्सला जागा मिळाली. लातुरात माझी अक्का राहते, तिची माडीवरची खोली रिकामी होती. मी ह्यांना गाडीत बसवलं, डावीकडं, त्यांच्या नेहमीच्या जागेवर, आणि टपावरच्या स्कूलच्या पाटीसकट गाडी लातूरच्या रस्त्याला लावली. लोहा गाव सोडल्यावर एका वळणाआधी ह्यांची अंगठी दाराच्या काचेवर वाजली. टक टक. मी ब्रेक दाबला. वळणापलीकडं म्हशी रस्ता अडवून उभ्या होत्या. मला एवढा आनंद झाला, की म्हशी निघून गेल्या तरी मी तिथंच थांबून राहिले. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तेव्हा भानावर आले.

लातूरचं ते वर्ष मला आठवायला आवडत नाही. वर्गात सगळी मिसरूड फुटलेली पोरं आणि त्यांच्यात मी, साडीचा पदर खोचून. ती मला मावशी म्हणायची आणि अवघड नट आला की बाजूला सरकून म्हणायची, “मावशी, तुमचा नंबर.” माझ्यानं नट हलायचा नाही. पान्यावर सगळा भार टाकून मी लोंबकळायचे आणि पोरं माना खाली घालून हसायची. शिकवणारे गुरुजी बरे होते, पण त्यांची दया पोरांच्या हसण्यापेक्षा जड जायची. “ताई, तुम्ही नुसतं बघा, जमंल हळूहळू,” म्हणायचे. नुसतं बघून कुणाला काय जमलं आहे? एकदा चाकाचं ड्रम माझ्या पायावर पडलं. नख काळं पडून गळून गेलं, ते पुन्हा वेडंवाकडंच आलं.

घरी अक्काची सासू होती. म्हातारीला माझं काहीच पटायचं नाही. “नवरा असा पडलेला, अन् ही नटबोल्ट खेळून राहिली,” असं ती शेजारणींना सांगायची, आणि मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगायची. मी माडी चढून वर जायचे.

वर मात्र दिवसातला एक चांगला तास असायचा. मी आत गेले, की हे डाव्या हातानं माझा हात धरून नाकाशी न्यायचे. हाताला डिझेलचा, ग्रीसचा वास असायचा. तो वास घेऊन ह्यांचा अर्धा चेहरा हसायचा. मग मी समोर बसून दिवसभराचा पाठ म्हणायचे. क्लच प्लेट म्हणजे काय, ती झिजली की काय होतं, ब्रेकमध्ये हवा शिरली तर पेडल कसं लागतं. म्हणत म्हणत थांबायचे. हे अंगठी कॉटवर वाजवायचे. टक. पुढं जा. मी पुढं म्हणायचे. वर्षभरात ह्यांनी मला दोन ठोके देऊन एकदाही थांबवलं नाही. आपला अभ्यास चांगलाच पक्का झाला आहे, असं मला वाटायचं. मूळचे शिक्षकच ते, कॉटवर पडूनसुद्धा शिकवतात, असं मी अक्काला अभिमानानं सांगायचे.

काठावर का होईना, पास झाले. आम्ही नांदेडला परतलो. आता एकच पायरी उरली होती. कार्यालयातले साहेब गाडी बघणार होते आणि माझं शिकवणं बघणार होते.

साहेब मागच्या सीटवर, सासूच्या जागी बसले. कार्यालयातल्या एका शिपायाला त्यांनी ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. मी डावीकडं बसले, दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून. साहेब म्हणाले, “समजा, ह्याला काही येत नाही. शिकवा.”

त्यांनी काही विचारायच्या आधीच मी क्लचची व्याख्या म्हणून टाकली. लातूरला जशी म्हणायचे, तशी एका दमात. साहेबांनी ऐकून घेतली. म्हणाले, “हे पुस्तक झालं. आता त्याला सांगा, पाय कधी उचलायचा.” शिपायानं गाडी सुरू केली आणि माझ्या तोंडाला कुलूप लागलं. पाय कधी उचलायचा हे माझ्या पायाला माहीत होतं. ते शब्दांत कसं सांगतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझा हात आपोआप डॅशबोर्डवर गेला आणि बांगडी वाजली. टक. शिपाई माझ्याकडं बघत राहिला. मी पुन्हा वाजवलं. त्यानं क्लच सोडला आणि गाडी आचका देऊन बंद पडली.

“हे काय वाजवून राहिलात ताई?” साहेबांनी विचारलं. मी सांगितलं, आमच्या स्कूलमध्ये असंच शिकवतात. ते चिडले नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. म्हणाले, “ती सरांची पद्धत असंल. ते आधी पोटभर समजावून सांगत असतील, मग वाजवत असतील. तुम्ही नुसतंच वाजवून राहिलात. मुदत संपायच्या आत अजून एकदा बोलावतो. त्याच्यापुढं माझ्या हातात काही न्हाई.”

त्यांचं खरं होतं. गाडी सुरू करण्याआधी हे शिकणारीला घराच्या ओट्यावर बसवून बोलत असत. तेव्हा मी आत चहा करत असे. वर्षानुवर्षं चहा केला आणि ओट्यावरचं बोलणं ऐकलं नाही. आता ते बोलणं ज्यांच्याजवळ होतं, त्यांच्याजवळ फक्त हाव होतं.

मग मी घरातच शाळा मांडली. लाकडी खुर्चीसमोर तीन चपला ठेवल्या. डावीकडची क्लच, मधली ब्रेक, उजवीकडची रेस. ह्यांना खुर्चीत बसवलं, स्टेअरिंग म्हणून हातात स्टीलचं ताट दिलं, आणि मी डावीकडं पाटावर बसले. मनाशी म्हटलं, समजा, ह्यांना काही येत नाही. आणि मोठ्यानं बोलायला लागले.

“डावा पाय क्लचवर ठेवा.” ह्यांनी पाय मधल्या चपलेवर ठेवला. मी तो उचलून डावीकडं सरकवला. पुन्हा सांगितलं, पुन्हा मधे. आजारी माणूस आहे, पाय नेमका पडत नसेल, असं म्हणून मी पुढं गेले. बोलायची सवय नव्हती, जीभ अडखळत होती. त्या अडखळण्यात तोंडातून भलतंच गेलं. “पुढं माणूस आडवा आला, की रेस दाबायची.”

टक. एकदा. पुढं जा.

ऐकलं नसेल, असं वाटलं. मी समोर येऊन बसले. “अहो, पुढं माणूस आला. काय करायचं? रेस दाबायची?” टक. “ब्रेक दाबायचा?” टक. “गाडी तिथंच सोडून घरी यायचं?” टक. आणि वर, “हाव.” अर्ध्या चेहऱ्यानं हे माझ्याकडं बघून हसत होते.

लातूरचं सगळं वर्ष माझ्यासमोर कोसळलं. मी काय म्हणते आहे, हे त्यांना एकाही संध्याकाळी कळलं नव्हतं. मी थांबले, की हात हलायचा, एवढंच. गाडी त्यांच्या डोक्यातून गेली होती. क्लच, ब्रेक, सगळं गेलं होतं. मी मोरीत जाऊन, नळ सोडून रडले. उंबऱ्यावरचे ते दोन ठोके, म्हशींच्या आधीचे दोन ठोके खरे होते की नुसतेच होते, हे मला आजही माहीत नाही. त्या रस्त्याला तशा प्रत्येक वळणावर म्हशी असतात.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा चपला मांडल्या. मला स्वतःचाच राग येत होता, तरी मांडल्या. साहेबांनी समजा म्हटलं होतं. माझ्या घरात ते समजायची गरज उरली नव्हती. खरोखर काही न येणारं माणूस माझ्यासमोर बसलं होतं, आणि परीक्षा माझी होती.

रोज शिकवलं. एक शब्द कळला नाही, की दुसरा शोधायचा. चेहऱ्यावर काही उमटलं नाही, की तिसरा. “क्लच हळू सोडा” म्हणून काही होत नव्हतं. हळू म्हणजे किती, हे ज्याला येतं त्यालाच कळतं. एका दुपारी वैतागून मी म्हटलं, “मांडीवर लेकरू झोपलंय. त्याला न उठवता मांडी काढून घ्यायची आहे. तसा पाय काढा.” ह्यांनी डावा पाय चपलेवरून वर घेतला, अगदी सावकाश, श्वास धरून. मी बघत राहिले. मी टाळी वाजवली तेव्हा ह्यांनी ताट खाली टाकलं आणि पुन्हा तसा पाय कधी उचलला नाही. कळलं होतं की योगायोग होता, हे विचारायचं मी सोडून दिलं. पण ते वाक्य मी धरून ठेवलं.

दुसऱ्या वेळी साहेबांबरोबर तोच शिपाई होता. मी त्याला लेकराचं सांगितलं. तो लाजला, मग त्यानं पाय काढला आणि गाडी आचका न देता निघाली. मग मी बोलतच राहिले. आरसा, खड्डा, पुढचा ऑटो, कडेची म्हातारी. मागून साहेब म्हणाले, “बास ताई. हे कुठं शिकलात?” मी म्हटलं, “घरी.” घोडं गंगेत न्हालं. पेढे मात्र मला आणावेसे वाटले नाहीत.

पाटीवर शिक्षक म्हणून ह्यांचं नाव होतं. रंगाऱ्यानं ते खरवडून माझं लिहिलं. हे ओट्यावर खुर्ची टाकून बघत होते. मी विचारलं, “चालेल ना?” “हाव,” म्हणाले. ज्या माणसाचा होकार मला जगात सगळ्यात जास्त हवा होता, त्याच्याजवळ होकाराशिवाय काही नव्हतं, आणि म्हणून तो होकार माझ्या काही कामाचा नव्हता.

आता मी दिवसभर बोलते. बाया शिकायला येतात, मागं सासवाही येतात. सासू ओरडली, की मी तिला सांगते, “मावशी, तुमचा नंबर उद्या. आज गप बसा.” रात्री जीभ दुखते. जिच्याजवळ गाडीपुरते शब्द नव्हते, तिच्याजवळ आता खंडीभर आहेत, आणि ज्यांना ते ऐकवावेत, त्यांच्यापर्यंत त्यातला एकही पोचत नाही.

परवाना हातात आला त्या संध्याकाळी मी ह्यांना फिरवून आणायचं ठरवलं. डावीकडं त्यांच्या जागेवर बसवलं. उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला, तर तो दुसऱ्या ब्रेकवर जाऊन पडला. इतकी वर्षं तो तिथंच असायचा. तिथं राहू दिला तर गाडी हलली नसती, नाहीतर भर रस्त्यात थांबली असती. मी तो सरकवून कडेला ठेवला आणि पुढं उशी लावली. आता माझी चूक पकडायला बाजूला कुणी नाही, हे त्या उशीनं मला पुरतं समजावलं.

विष्णुपुरीच्या रस्त्याला लागलो. खड्डे होते म्हणून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालली होती. सवयीनं मी बोलत होते, पुढं खड्डा आहे, आता डावीकडून घेते, आता क्लच. हे खिडकीबाहेर बघत होते. मग दारावर अंगठी वाजली. टक. एकदा.

तिसरा गिअर टाकण्याइतका वेग नव्हता. शिकणाऱ्या कुठल्याही बाईला मी सांगितलं असतं, आत्ता नाही. मी क्लच दाबला आणि तिसरा टाकला. गाडी थरथरली, इंजिन कुरकुरायला लागलं.

“बरोबर ना, सर?” मी विचारलं.

“हाव,” हे म्हणाले, आणि मी गाडी तशीच चालवत राहिले.